युद्धकाळातील गुलाममुक्ती: लिंकन यांच्या जाहीरनाम्याची व्याप्ती आणि मर्यादा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठी वाचक या विषयाकडे बहुधा जोतीराव फुले यांच्या वाटेने येतो. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका वाचल्यावर पुढचा प्रश्न आपसूक मनात येतो: ही मुक्ती झाली तरी कोणत्या कायद्याने? येथे युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ चे अमेरिकेतील यादवी युद्ध: दक्षिणेतील गुलाम बाळगणारी अनेक राज्ये ‘युनियन’मधून, म्हणजे संघराज्यातून, फुटली आणि ते बंड मोडण्यासाठी केंद्र सरकारचे सैन्य लढले. विद्यार्थ्यांकडून आणि अभ्यासमंडळांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा हा कायदा होता की आदेश?

तो आदेश होता. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली, ती सैन्याचे सरसेनापती या नात्याने. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो मंजूर केलेला नव्हता आणि घटनेत त्याने काही बदल केला नाही. बंड मोडून काढण्यासाठी योग्य आणि आवश्यक असलेला युद्धोपाय, असेच त्याचे वर्णन त्याच्या मजकुरात आहे. हे शब्द नुसते शोभेचे नाहीत. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

त्याच्या शंभर दिवस आधी, २२ सप्टेंबर १८६२ रोजी, प्राथमिक जाहीरनामा निघाला होता. जी राज्ये वर्षअखेरपर्यंत बंडात राहतील त्यांच्यातील गुलाम मुक्त होतील, असा इशारा त्यात होता. मुदतीत एकही राज्य परतले नाही.

२. मग १ जानेवारी १८६३ रोजी अमेरिकेतली गुलामगिरी संपली, असे म्हणता येईल का?

नाही, आणि असे म्हणणे ही या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. १८६० च्या जनगणनेनुसार देशात ३९,५३,७६० गुलाम होते. जाहीरनाम्याने त्यांपैकी बहुसंख्यांना, म्हणजे तीस लाखांहून अधिक माणसांना, मुक्त ठरवले. पण लाखो माणसे त्याच्या बाहेर राहिली.

याहून महत्त्वाचा भेद असा की जाहीरनाम्याने माणसे मुक्त केली, गुलामगिरी रद्द केली नाही. ठरावीक प्रदेशात त्या दिवशी गुलाम म्हणून धरलेली माणसे मुक्त आहेत आणि यापुढेही मुक्त राहतील, एवढेच तो म्हणतो. माणसाला मालमत्ता मानणारे जे कायदे जॉर्जियाच्या किंवा अलाबामाच्या कायद्याच्या पुस्तकात होते, त्यांना त्याने हात लावला नाही. याचे परिणाम प्रश्न १० मध्ये पाहावेत.

३. कोणते भाग त्यात होते आणि कोणते वगळले होते?

आर्कान्सा, टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, फ्लोरिडा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया अशी दहा राज्ये त्यात नावानिशी आहेत. त्यांपैकी लुइझियानातील न्यू ऑर्लिन्ससह तेरा पॅरिश (तेथील जिल्हे) वगळल्या होत्या. व्हर्जिनियातून वेगळ्या होऊ पाहणाऱ्या पश्चिमेकडील ४८ काउंट्या (जिल्हे), आणि त्याशिवाय नॉरफोक व पोर्ट्समथ शहरांसह आणखी सात काउंट्या वगळल्या होत्या. या भागांपुरती स्थिती तूर्त अगदी जाहीरनामा निघालाच नसता तर जशी राहिली असती तशी राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

टेनेसीचे तर त्यात नावच नाही. तेथील लष्करी गव्हर्नर अँड्र्यू जॉन्सन यांच्या आग्रहावरून ते संपूर्ण राज्य गाळले गेले आणि १८६० च्या गणनेतील तेथील २,७५,७१९ गुलाम बाहेर राहिले. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही राज्ये बंडात सामीलच नव्हती, म्हणून त्यांचा उल्लेख असण्याचा प्रश्न नव्हता (पाहा प्रश्न ११).

४. जिथे लिंकन यांची सत्ता नव्हती तिथे मुक्ती आणि जिथे होती तिथे गुलामगिरी कायम, हा ढोंगीपणा नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणाऱ्याचा संताप मला समजतो. न्यू ऑर्लिन्समधल्या गुलाम बाईने हे ऐकले असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देऊ नये. तरीही उत्तर ‘नाही’ असेच आहे आणि त्याचे कारण कायद्यात आहे.

शांततेच्या काळात एखाद्या राज्यातील गुलामगिरीला हात लावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, काँग्रेसलाही नाही, हे त्या काळी जवळजवळ सर्वमान्य होते. कट्टर गुलामगिरीविरोधकांतले अनेकजणही ते मान्य करत. राष्ट्राध्यक्षापाशी एकच अधिकार असा होता की जो तेथपर्यंत पोहोचू शकत होता, तो म्हणजे युद्धात शत्रूचे बळ तोडण्याचा. गुलामांच्या श्रमावर बंडखोरांची शेती चालत होती, तटबंद्या उभ्या राहत होत्या, रसद पुढे जात होती. ते श्रम काढून घेणे हा युद्धाचा भाग होता. पण जेथे शत्रूच नाही तेथे हा अधिकारही नाही.

अर्थमंत्री सामन चेस हे वगळलेल्या भागांनाही जाहीरनामा लागू करावा म्हणून लिंकन यांच्या मागे लागले होते. २ सप्टेंबर १८६३ च्या पत्रात लिंकन यांनी त्यांना कळवले की लष्करी उपाय एवढाच या जाहीरनाम्याला घटनेचा आणि कायद्याचा आधार आहे, आणि वगळलेल्या भागांत लष्करी निकड नव्हती म्हणूनच ते वगळले. निकड नसताना केवळ मला योग्य वाटते म्हणून मी हे पाऊल उचलले तर सगळा आधार सोडून दिल्यासारखे होणार नाही का, असा त्यांचा उलट प्रश्न होता.

माझे मत असे की जाहीरनाम्याचे आखडतेपण हेच त्याचे कवच होते. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखपदी रॉजर टॅनी होते. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा ड्रेड स्कॉट खटल्याचा १८५७ चा निकाल त्यांचाच. केंटकीतला एखादा एकनिष्ठ मालक त्या न्यायालयात गेला असता, तर त्याच्या एका खटल्यात अख्खा जाहीरनामा धोक्यात आला असता.

५. पण मग ‘त्या दिवशी प्रत्यक्षात एकही गुलाम सुटला नाही’ हे तरी खरे ना?

तेही खरे नाही. केंद्र सरकारच्या सैन्याच्या ताब्यात असूनही न वगळलेले काही प्रदेश होते. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतची बेटे त्यांत येतात. त्या दिवशी पोर्ट रॉयल बेटावरील छावणीत, ओकच्या मोठ्या झाडांखाली, हजारो माणसे जमली होती. त्यांच्यासमोर कृष्णवर्णीय सैनिकांची एक पलटण उभी होती. जाहीरनामा वाचला तो विल्यम ब्रिस्बेन यांनी. ते त्याच राज्यातले, पूर्वी स्वतः गुलाम बाळगलेले आणि नंतर त्यांना मुक्त केलेले गृहस्थ. वाचन संपून ध्वज फडकताच गर्दीतून एका वृद्धाचा आवाज उठला, त्याला दोन स्त्रियांनी साथ दिली, आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेले देशभक्तिगीत सगळे मुक्त लोक गाऊ लागले. पलटणीचे कर्नल टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी व्यासपीठावरच्या गोऱ्यांना त्यात सूर मिसळू दिला नाही.

ही माणसे त्या सकाळी कायद्याने आणि प्रत्यक्षातही मुक्त झाली. पुढे सैन्य जसजसे सरकत गेले तसतसा जाहीरनामाही त्याच्याबरोबर सरकला.

६. माणूस ही तेव्हा ‘मालमत्ता’ होती. ती काढून घेण्याचा अधिकार सरसेनापतीला कोठून मिळाला?

लिंकन यांचा युक्तिवाद साधा होता. राष्ट्राध्यक्ष युद्धकाळात सरसेनापती असतो, आणि शत्रूची मालमत्ता युद्धाच्या गरजेपोटी ताब्यात घेता येते किंवा नष्ट करता येते, हा युद्धाचा जुना नियम आहे. दक्षिणेने माणसाला मालमत्ता म्हटले असेल, तर त्याच शब्दाने ती मालमत्ता युद्धनियमांच्या कक्षेत येते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप बेंजामिन कर्टिस यांनी घेतला. ते सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, आणि ड्रेड स्कॉट खटल्यात टॅनी यांच्या विरुद्ध मत देणारे. त्यामुळे त्यांना गुलामगिरीचे कैवारी म्हणून बाजूला सारता येत नाही. सेनापतीचा अधिकार रणभूमीपुरता असतो, दूरच्या राज्यांचे कायदे एका हुकमाने निष्प्रभ करण्याइतका तो ताणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याच्या विद्यार्थ्याने हा आक्षेप गांभीर्यानेच घ्यावा.

जाहीरनामा वैध की अवैध, याचा थेट निवाडा सर्वोच्च न्यायालयाने कधीच केला नाही. सागरी नाकेबंदीच्या खटल्यांत मात्र मार्च १८६३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की बंडखोर प्रदेशातील रहिवाशांना शत्रू मानून त्यांच्या मालमत्तेला युद्धाचे नियम लावता येतात. तो निकाल जहाजांबद्दल होता, तरी जाहीरनाम्याच्या पायाखालची जमीन त्याने घट्ट केली. पुढच्याच महिन्यात सैन्यासाठी निघालेल्या नियमावलीने, म्हणजे फ्रान्सिस लीबर यांनी तयार केलेल्या सर्वसाधारण आदेश क्रमांक १०० ने, म्हटले की गुलामगिरी केवळ स्थानिक कायद्याने अस्तित्वात असते आणि शत्रूकडून पळून सैन्याच्या आश्रयाला आलेला गुलाम तत्काळ मुक्त होतो.

७. त्याआधी काँग्रेसने जप्तीचे कायदे केले होते. मग जाहीरनाम्याची गरज काय होती?

यासाठी मे १८६१ मधल्या एका रात्रीपासून सुरुवात करावी लागते. व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत पोहोचले. बंडखोरांसाठी तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा प्रतिनिधी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळालेल्या गुलामांना परत करण्याच्या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन त्याने त्यांची मागणी केली. किल्ल्याचे प्रमुख बेंजामिन बटलर मूळचे वकील. व्हर्जिनिया स्वतःला परदेश म्हणवते, आणि परदेशाला हा कायदा लागू नाही, असे उत्तर देऊन त्यांनी त्या तिघांना ‘युद्धातील निषिद्ध माल’ म्हणून ठेवून घेतले. त्यांना मुक्त मात्र म्हटले नाही.

६ ऑगस्ट १८६१ च्या पहिल्या जप्ती कायद्याने हीच रीत कायद्यात आणली. बंडाच्या कामाला लावलेल्या गुलामावरचा मालकाचा हक्क संपला, पण त्या माणसाचा दर्जा काय, हे मोघमच राहिले. १७ जुलै १८६२ चा दुसरा कायदा पुढे गेला आणि बंडखोर मालकांचे जे गुलाम सैन्याच्या हाती येतील त्यांना त्याने मुक्त म्हटले. त्याची अडचण अशी की मालक बंडखोर होता की नाही यावर सगळे अवलंबून होते, आणि प्रत्येक प्रकरणात ते ठरवणार कोण आणि कसे, याची नीट व्यवस्था नव्हती. जाहीरनाम्याने माणसाऐवजी प्रदेश पाहिला आणि हा घोळ संपवला. शिवाय मुक्त झालेल्यांना सैन्यात आणि आरमारात घेण्याचे त्याने जाहीर केले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक सैन्यात दाखल झाले होते.

मन्रो किल्ला ज्या एलिझाबेथ सिटी काउंटीत आहे, ती काउंटी जाहीरनाम्यातून वगळलेल्या भागांत होती, हेही येथे नोंदवावे.

८. सेनापतींनी त्याआधी केलेल्या मुक्तीच्या घोषणा लिंकन यांनी रद्द का केल्या?

ऑगस्ट १८६१ मध्ये जॉन फ्रेमाँट यांनी मिसुरीत आणि मे १८६२ मध्ये डेव्हिड हंटर यांनी जॉर्जिया, फ्लोरिडा व साउथ कॅरोलिनासाठी अशा घोषणा केल्या, आणि दोन्ही मागे घ्यायला लावल्या गेल्या. फ्रेमाँट यांच्या घोषणेने केंटकी हातचे जाण्याची भीती होती. हंटर यांच्या वेळी लिंकन यांनी सांगितले की असा निर्णय घ्यायचाच झाला तर तो मी स्वतःकडे राखून ठेवतो. अधिकार आहे हे त्यात त्यांनी नाकारले नाही, हे वाचताना निसटू नये.

९. मालक युनियनशी एकनिष्ठ होता, पण त्याचे शेत बंडखोर प्रदेशात होते. त्याचे गुलाम सुटले का? त्याला भरपाई मिळाली का?

गुलाम सुटले, कारण कसोटी प्रदेशाची होती, मालकाच्या निष्ठेची नव्हती. अशा मालकांना योग्य वेळी भरपाई देण्याची शिफारस करू, असे प्राथमिक जाहीरनाम्यात म्हटले होते. पण १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या चौथ्या कलमाने, गुलाम गमावल्याबद्दलचा कोणताही दावा केंद्र किंवा राज्य सरकारने मान्य करायचा नाही, असे ठरवून तो रस्ता कायमचा बंद केला. भरपाई मिळाली ती राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्यातील मालकांना: १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने, सरासरी माणशी ३०० डॉलरच्या मर्यादेत. मुक्त झालेल्या माणसाच्या फुकट गेलेल्या आयुष्याचा मोबदला त्याला देण्याची तरतूद यांपैकी कशातच नव्हती.

१०. युद्ध संपल्यावर युद्धोपायही संपला असता. मग मुक्त माणसांना पुन्हा गुलाम करता आले असते का?

ही भीती खरी होती आणि लिंकन यांनाही ती होती. त्यात दोन वेगळे धोके होते. मुक्त ठरलेल्यांचे स्वातंत्र्य एखादे न्यायालय युद्धानंतर काढून घेईल, हा पहिला. डिसेंबर १८६४ च्या संदेशात लिंकन यांनी लिहिले की या माणसांना पुन्हा गुलाम करणे हे लोकांनी राष्ट्राध्यक्षाचे कर्तव्य ठरवले, तर ते काम दुसऱ्या कोणाला करावे लागेल, मी करणार नाही. दुसरा धोका प्रश्न २ मधील भेदातून निघतो: राज्यांचे कायदे जागेवरच असल्यामुळे तेथे नव्याने गुलाम आणण्यास जाहीरनाम्यात अडथळा नव्हता.

म्हणून तेरावी घटनादुरुस्ती लागली. सिनेटने ती ८ एप्रिल १८६४ रोजी संमत केली. प्रतिनिधिगृहात ती जूनमध्ये पडली आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाच्या संमतीने आवश्यक संख्या पूर्ण झाली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम मात्र या दुरुस्तीने वगळले, आणि दक्षिणेतील राज्यांनी पुढे कैद्यांना ठेकेदारांकडे भाड्याने लावण्यासाठी त्या वाक्यखंडाचा मनसोक्त उपयोग केला.

११. केंटकीसारख्या एकनिष्ठ राज्यांत गुलामगिरी कशी संपली?

प्रत्येक राज्यात वेगळी. मेरीलँडने नव्या राज्यघटनेद्वारे १ नोव्हेंबर १८६४ पासून ती संपवली, मिसुरीने ११ जानेवारी १८६५ रोजी. वेस्ट व्हर्जिनियाला १८६३ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला तो टप्प्याटप्प्याने मुक्तीच्या अटीवर, आणि संपूर्ण मुक्ती फेब्रुवारी १८६५ मध्ये झाली. केंटकी व डेलावेअर शेवटपर्यंत अडून राहिली आणि तेथे तेराव्या दुरुस्तीनेच ती संपली.

केंटकीत मधला एक रस्ता सैन्यातून गेला. भरती होणारा गुलाम मुक्त होई, पण त्याची बायकामुले होत नसत. नोव्हेंबर १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, तेथील नेल्सन छावणीतून सैनिकांच्या सुमारे ४०० बायकामुलांना हाकलून त्यांच्या झोपड्या पाडण्यात आल्या आणि त्यांतली शंभराहून अधिक माणसे दगावली. या प्रकाराने उत्तरेत संताप उसळला आणि ३ मार्च १८६५ रोजी काँग्रेसने सैनिकांच्या पत्नी व मुलांना मुक्त ठरवले.

१२. सैन्य पोहोचेपर्यंत टेक्सासमधला माणूस कायद्याने मुक्त होता की गुलाम?

जाहीरनाम्याच्या शब्दांनुसार १ जानेवारी १८६३ पासून मुक्त. जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टन येथे काढलेल्या आदेशानेही मुक्ती नव्याने दिली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या जाहीरनाम्यानुसार सर्व गुलाम मुक्त आहेत, असे कळवले. तरी युद्धानंतर करारांचे आणि विक्रीचे खटले उभे राहिले तेव्हा दक्षिणेतील न्यायालयांनी एकच तारीख मानली नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये बहुमताने १९ जून १८६५ ही तारीख धरली. मधल्या अडीच वर्षांतल्या श्रमाचे काय, हा प्रश्न त्या उत्तराने मालकाच्या बाजूने सुटला.

१३. अमेरिकन इंडियन राष्ट्रांच्या प्रदेशातही गुलाम होते. त्यांचे काय?

जाहीरनाम्यात त्या प्रदेशाचा उल्लेख नाही. चेरोकी राष्ट्रातील युनियनवादी परिषदेने १८६३ मध्ये स्वतःच गुलामगिरी रद्द केली. पण तिचा शेवट पक्का झाला तो चेरोकी, क्रीक, सेमिनोल, चॉक्टॉ व चिकासॉ यांच्याशी १८६६ मध्ये झालेल्या तहांनी.

१४. आपल्याकडच्या १८४३ च्या कायद्याशी याची तुलना होऊ शकते का?

होऊ शकते आणि ती उपयोगी आहे, कारण दोन्हींचे मार्ग उलटे आहेत. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने एकाही माणसाला नाव घेऊन मुक्त केले नाही. गुलाम आहे या कारणावरून कोणावर हक्क सांगितल्यास न्यायालये तो मानणार नाहीत, एवढीच व्यवस्था त्याने केली. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. अमेरिकेत माणसे मुक्त झाली आणि कायदा तसाच राहिला. येथे कायद्याने हात काढून घेतला, पण ज्याला न्यायालयाची पायरी ठाऊक नाही असा माणूस मालकाच्या दारातच राहिला.

१५. युद्धाच्या तोंडावर उधारीवर गुलाम विकत घेतला आणि तो पुढे मुक्त झाला. पैसे द्यावेच लागले का?

हो. आर्कान्सामध्ये मार्च १८६१ मध्ये अल्बर्ट नावाच्या सुमारे तेवीस वर्षांच्या तरुणाच्या विक्रीपोटी १,३०० डॉलरचा दस्त लिहिला गेला होता. विक्रेत्याने तो ‘जन्मभराचा गुलाम’ असल्याची हमी दिली होती. माणूस मुक्त झाला, मग हमी मोडली, असे खरेदीदाराचे म्हणणे होते. १८७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: विक्रीच्या दिवशी हमी खरी होती, करार त्या वेळच्या कायद्याने वैध होता, आणि तेराव्या दुरुस्तीने झालेले करार पुसले जात नाहीत. एव्हाना सरन्यायाधीशपदी सामन चेस होते, तेच ज्यांना प्रश्न ४ मधले पत्र आले होते. माणसाच्या किमतीचा करार दुरुस्त झालेल्या घटनेखाली कोणत्याही न्यायालयाने वसूल करून देऊ नये, असे त्यांचे मत होते. ते एकट्याचेच राहिले आणि पैशांचा दावा टिकला.